रेषांकन (रेल्वे प्रतिकृती)

रेषांकन म्हणजे रेल्वे इंजिनाच्या वा डब्याच्या प्रतिकृतीवर, मूळ वाहनावरील रंगीत रेघा व पट्टे त्याच प्रमाणात लहान करून रंगविण्याची प्रक्रिया होय. प्रतिकृतीकार तिला ‘लायनिंग’ असेही म्हणतात. बाजारातील तयार प्रतिकृतींवर रेघा कारखान्यातच छापलेल्या असतात. पितळी पत्रा, प्लॅस्टिकचा पत्रा, पुठ्ठा किंवा लाकूड यांपासून हाताने घडविलेल्या (स्क्रॅचबिल्ट) इंजिनावर मात्र त्या घडविणाऱ्यालाच ओढाव्या लागतात.

रेघ ही केवळ शोभा नसते. इंजिन कोणत्या कंपनीचे व कोणत्या काळातील आहे, हे तिच्या रंगावरून, जाडीवरून व जागेवरून ओळखता येते. जो लोहमार्ग आज अस्तित्वात नाही, त्याच्या इंजिनाची प्रतिकृती पुढील पिढीकडून पुरावा म्हणून पाहिली जाण्याची शक्यता असते. म्हणून रेषांकनात हाताच्या कौशल्याइतकेच संदर्भाच्या अचूकतेला महत्त्व आहे.

उजनी परिसरातील संदर्भ

सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयाचा परिसर या विषयाच्या अभ्यासासाठी सोयीचा आहे. येथे एक चालू व एक लुप्त असे दोन लोहमार्ग एकमेकांच्या जवळ येतात.

पहिला मार्ग पुणे–सोलापूर हा ब्रॉडगेज मार्ग होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. भीमा नदीवरील उजनी धरणामुळे जलाशयाखाली येणारा त्याचा भाग दुसरीकडे वळविण्यात आला. डिकसळ येथील जुना रेल्वे पूल त्यानंतर रस्ते वाहतुकीसाठी वापरला गेला. करमाळा तालुक्यातील पारेवाडी, वाशिंबे व जेऊर ही स्थानके या मार्गावर आहेत. येथून जाणाऱ्या गाड्यांवर रेषांकनाची आधुनिक रूपे पाहावयास मिळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत एक्सप्रेसची पांढरी व निळी रंगसंगती, डब्ल्यूएपी-७ वर्गाच्या विद्युत इंजिनाच्या पांढऱ्या अंगावरील लाल पट्टा आणि डब्ल्यूएजी-९ या मालवाहू वर्गाच्या हिरव्या अंगावरील फिकट पिवळा पट्टा ही त्याची उदाहरणे होत.

दुसरा मार्ग बार्शी लाइट रेल्वेचा होय. उजनी धरण ज्या माढा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कुर्डुवाडी (तत्कालीन बार्शी रोड) येथून बार्शीपर्यंत ७६२ मि.मी. (अडीच फूट) रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हलक्या रुळांवर अधिक भार नेता यावा, यासाठी प्रत्येक आसावरील भार सुमारे ५ टनांवर मर्यादित ठेवला. पहिली इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने बांधली. मार्ग पुढे पंढरपूर, लातूर व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढला. १९५४ मध्ये तो शासनाच्या मालकीचा झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बहुतांश मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि नॅरोगेज गाड्या बंद झाल्या.

प्रमाण व रेघेची जाडी

रेघ किती जाड असावी, हे प्रतिकृतीच्या प्रमाणावरून ठरते. मूळ वाहनावरील अर्धा इंच (१२.७ मि.मी.) रेघ आणि ३०० मि.मी. रुंदीचा पट्टा वेगवेगळ्या प्रमाणांत पुढीलप्रमाणे होतो :

१:८७ – रेघ ०.१५ मि.मी., पट्टा ३.४ मि.मी.
१:४८ – रेघ ०.२६ मि.मी., पट्टा ६.३ मि.मी.
१:२४ – रेघ ०.५३ मि.मी., पट्टा १२.५ मि.मी.

बार्शी मार्गाची ७६२ मि.मी. रुंदी १:८७ प्रमाणात ८.८ मि.मी., १:४८ मध्ये १५.९ मि.मी. आणि १:२४ मध्ये ३१.८ मि.मी. होते. त्यामुळे अनुक्रमे ९, १६.५ व ३२ मि.मी. रुंदीचे तयार रूळ तिच्यासाठी वापरता येतात. हाताने रेघ ओढणाऱ्या नवशिक्यास १:२४ हे प्रमाण सोयीचे पडते, कारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ साध्या साधनांनी साधते. ०.१५ मि.मी. रेघेसाठी बहुधा छापील डेकलचा आधार घ्यावा लागतो. रेघ प्रमाणापेक्षा जाड झाल्यास इंजिन खेळण्यासारखे दिसते. तिची किंचित बारीक असण्याची चूक त्यामानाने कमी जाणवते.

पृष्ठभागाची तयारी

जोडकाम, डाग देणे (सोल्डरिंग) व घासकाम पूर्ण झाल्यावर प्रतिकृती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवितात. त्यानंतर प्रायमर व मूळ रंगाचे पातळ हात दिले जातात. रेघ चकचकीत पृष्ठभागावर स्वच्छ उमटते. खरखरीत पृष्ठभागावर रंग सूक्ष्म खाचांत पसरून कडा फाटते. म्हणून अंतिम स्वरूप मंद हवे असले, तरी रेषांकनापूर्वी चमकदार वॉर्निशचा हात देतात आणि मंद वॉर्निश सर्वांत शेवटी लावतात.

मूळ रंग ॲक्रिलिक व रेघेचा रंग इनॅमल असणे सोयीचे असते. पूर्ण कडक झालेल्या ॲक्रिलिकवर टर्पेंटाइनचा सहसा परिणाम होत नाही. त्यामुळे चुकलेली इनॅमल रेघ ओली असतानाच पुसून पुन्हा ओढता येते. हे संयोग आधी टाकाऊ पत्र्यावर तपासून घेतात.

पद्धती

मास्किंग टेप : रुंद पट्ट्यांसाठी ही पद्धत प्रचलित आहे. टेपची दुकानातून आलेली कडा धूळ बसून खडबडीत झालेली असते, म्हणून टेप काचेवर चिकटवून धारदार पात्याने नवी कडा कापून घेतात. टेप लावल्यावर कडा नखाने किंवा लाकडी काडीने दाबतात. त्यानंतर प्रथम खालच्याच रंगाचा अथवा पारदर्शक वॉर्निशचा हलका फवारा देतात. कडेखाली काही झिरपले, तर हाच थर झिरपतो व फट बंद होते. मग पट्ट्याचा रंग एअरब्रशने दोन-तीन पातळ हातांत देतात. रंग हाताला न चिकटण्याइतका सुकताच, पण कडक होण्याआधी, टेप स्वतःवर उलटी दुमडून सावकाश काढतात. पिवळा व लाल रंग गडद अंगावर मळकट दिसतात. त्यांच्याखाली पांढरा हात आवश्यक असतो.

रूलिंग पेन : तांत्रिक आरेखनात पूर्वी वापरले जाणारे, दोन पोलादी पात्यांचे व आट्यांनी जाडी बदलता येणारे हे पेन बारीक रेघांसाठी वापरतात. रंग ब्रशने दोन पात्यांमध्ये भरतात. पेन रंगात बुडवीत नाहीत, कारण बाहेरच्या बाजूस लागलेला रंग पट्टीखाली ओढला जातो. पट्टीखाली टेपचे दोन-तीन थर लावून ती पृष्ठभागापासून किंचित उचललेली ठेवतात. पेन जवळजवळ उभे धरून एका गतीने, मध्ये न थांबता ओढतात. थांबलेल्या जागी ठिपका पडतो. प्रत्येक वेळी आधी टाकाऊ पत्र्यावर रेघ तपासतात.

डेकल : पारदर्शक पापुद्र्यावर छापलेल्या रेघा पाण्यात भिजवून पृष्ठभागावर सरकवितात. उंचवट्यांवर त्या नीट बसाव्यात म्हणून पापुद्रा मऊ करणारे द्रावण वापरतात. गोल कोपरे, अक्षरे व क्रमांक यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

चौकटीच्या रेषांकनात कोपरे हा कठीण भाग असतो. पेन्सिलीने केंद्ररेषा आखून प्रथम कंपासला जोडलेल्या पेनाने चारही गोल कोपरे काढणे आणि नंतर ते सरळ रेघांनी जोडणे, हा क्रम अनेक जण पाळतात. सरळ रेघ लांबी कमी-जास्त करून कोपऱ्याशी जुळविता येते; आधीच ओढलेल्या दोन रेघांमध्ये कोपरा बसविणे त्याहून अवघड असते. बाजूच्या पाण्याच्या टाक्यांवर रिव्हेटांच्या ओळी असल्यास टेप त्यांच्यावर अधांतरी राहते व रंग झिरपतो. अशा ठिकाणी टेपऐवजी पेन किंवा डेकल वापरतात.

हवामानाचा परिणाम

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा हवेत पातळ रंग पेनाच्या टोकाशीच सुकतो आणि एअरब्रशचा रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधी कोरडा होऊन रवाळ थर बसतो. म्हणून हे काम पहाटे करणे अथवा रंगात सावकाश सुकविणारे द्रव्य मिसळणे उपयुक्त ठरते. पावसाळ्यातील दमट हवेत लॅकर प्रकारच्या वॉर्निशवर दुधाळ छटा येते. जलाशयाकाठच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या हंगामात जाळलेल्या पाचटाची काजळी हवेत उडते व ओल्या रंगावर बसते. ताजी रंगविलेली प्रतिकृती झाकणाच्या डब्याखाली वाळविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

रंगाचा पुरावा

लुप्त मार्गाच्या इंजिनावरील रेघांचा रंग ठरविताना कृष्णधवल छायाचित्रे दिशाभूल करू शकतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्या लाल प्रकाशास जवळजवळ असंवेदनशील होत्या. त्यामुळे काळ्या इंजिनावरील लाल रेघ छायाचित्रात दिसतच नाही, तर निळा भाग प्रत्यक्षापेक्षा फिकट दिसतो. छायाचित्रात रेघ नसणे हा ती नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

इंजिन बांधणाऱ्या कंपन्यांची अधिकृत छायाचित्रेही सावधपणे वापरावी लागतात. तपशील स्पष्ट उमटावेत म्हणून नव्या इंजिनास छायाचित्रापुरता करडा रंग देण्याची प्रथा होती. त्यावरील ठळक रेघा प्रत्यक्ष वापरातील रंगसंगतीच्या असतीलच असे नाही. उद्यानात किंवा स्थानकाबाहेर जतन केलेली इंजिने अनेकदा पुन्हा रंगविली जातात, म्हणून त्यांवरील आजचे पट्टे मूळचे समजू नयेत. जुन्या रंगाचे थर क्रमाने घासून उघडे करणे ही अधिक विश्वसनीय पद्धत आहे. ती संबंधित संस्थेच्या परवानगीनेच करता येते.

रंगसंगती काळानुसारही बदलते. कॅलथ्रॉप यांनीच आखलेल्या इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या ७६२ मि.मी. मार्गावरील किटसन इंजिने प्रारंभी चॉकलेटी होती. १९२३ मध्ये मालकी बदलल्यानंतर ती किरमिजी व पुढे काळी झाली. बार्शी मार्गाच्या बाबतीतही १९५४ पूर्वीचा कंपनीकाळ व त्यानंतरचा मध्य रेल्वेचा काळ वेगळा धरावा लागतो. महाराष्ट्रातील लिखित नोंद असलेले एक उदाहरण डेक्कन क्वीनचे आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या या गाडीच्या दोन संचांपैकी एक रुपेरी रंगाचा व लाल पट्ट्यांचा, तर दुसरा गडद निळा व सोनेरी रेघांचा होता. अशी नोंद उपलब्ध असली, की प्रतिकृतीकारास अंदाज करावा लागत नाही.

नोंद व जतन

रेषांकन पूर्ण झाल्यावर वापरलेल्या रंगांची नावे, मिश्रणाचे प्रमाण, रेघेची जाडी आणि कोणता तपशील कोणत्या आधारावर घेतला, याची टीप प्रतिकृतीसोबत ठेवणे ही चांगली पद्धत समजली जाते. आधार असलेला व अंदाजाने घेतलेला तपशील त्यात वेगवेगळा नोंदवितात. अंदाजाची रेघ वॉर्निशच्या दोन थरांमध्ये ठेवल्यास, नवा पुरावा मिळाल्यावर खालच्या रंगास धक्का न लावता ती बदलणे सोपे जाते.

राज्यात रेल्वे प्रतिकृती पाहण्याचे परिचित ठिकाण म्हणजे पुण्यातील भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय होय. प्रत्यक्ष गाड्यांवरील पट्ट्यांची मापे उजनीकाठच्या स्थानकांवरही घेता येतात : फलाटावर सुरक्षित अंतरावरून, समोरून काढलेल्या छायाचित्रात इंजिनाची ज्ञात लांबी मोजपट्टीसारखी वापरून पट्ट्याची रुंदी व उंची काढतात.