कॅन्सल्ड चेकवरचा पिनकोड

महाराष्ट्रात माण दोन आहेत. एक साताऱ्यातला माण तालुका, दहिवडी-म्हसवडचा, कायम पावसाची वाट पाहणारा. दुसरं मुळशी तालुक्यातलं माण गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच्या शिवारात उभा आहे आणि शिवाजीनगरहून येणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचं एक टोक इथंच आहे. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं तो करतो. कुणी एक ए घालतो, कुणी दोन, कुणाला एन दोन लागतात. पाकिटावर नुसतं ‘माण, महाराष्ट्र’ लिहिलं तर ते कुठल्या माणला पोचेल याची हमी कुणी द्यायची? असल्याच घोळांवर उपाय म्हणून पोस्टानं 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकड्यांचा पिनकोड आणला. साताऱ्याकडचं टपाल 415 ने ओळखायचं, पुणे-हिंजवडीचं 411 ने.

हे सगळं पोस्टाचं झालं. पण या पट्ट्यात नोकरीला लागणाऱ्याकडे एचआरवाले पहिल्याच दिवशी कॅन्सल्ड चेक मागतात. चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्यालाही मोठ्या कंपनीचा व्हेंडर व्हायचं तर तोच द्यावा लागतो. तो चेक जरा डोळ्यांजवळ धरा. वर शाखेच्या पत्त्याशेजारी अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड छापलेला असतो. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर चौकोनी वळणाचे, लोहकण मिसळलेल्या शाईतले आकडे असतात. त्यात आधी चेक नंबर येतो आणि मग नऊ आकडी एमआयसीआर कोड. महाराष्ट्र बँकेच्या पुण्यातल्या चेकवर त्याची सुरुवात 411014 अशी होते. यातलं 014 म्हणजे बँक. हे राष्ट्रीयीकृत बँकांचे क्रमांक शाळेतल्या हजेरीसारखे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेत: अलाहाबाद 010, आंध्र 011, बडोदा 012, बँक ऑफ इंडिया 013, महाराष्ट्र 014, कॅनरा 015. आणि 411? ते पुणे, थेट पोस्टाकडून उचललेलं. मुंबईच्या चेकवर 400 असतं, दिल्लीच्या 110, चेन्नईच्या 600. पिनकोडाचे पहिले तीन आकडे चेकच्या कपाळी नव्हे, पण पायथ्याशी येऊन बसलेत.

हा दुवा हाती लागला आणि मला दुसरं काही सुचेना, कारण पिनकोडाच्या मुळाशी श्रीराम भिकाजी वेलणकर आहेत. दळणवळण मंत्रालयातले हे अतिरिक्त सचिव संस्कृतचे पंडित आणि कवी होते. त्यांचं एक विलोमकाव्य आहे. सुलट वाचलं तर रामाची स्तुती, उलट वाचलं तर कृष्णाची. अक्षरांच्या जागांवर इतकी हुकमत असलेल्या माणसानं देशभरच्या पत्त्यांना आकड्यांत बसवलं. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, उरलेले तीन पोस्ट ऑफिसचे. दुरून जवळ, मोठ्यातून लहान.

चेक यंत्रानं वाचण्याची शिफारस केली ती रिझर्व्ह बँकेतल्या वाय. बी. दामले यांच्या समितीनं, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला. 1986 पासून मुंबईत आणि पाठोपाठ इतर महानगरांत तसं क्लिअरिंग सुरू झालं. आता प्रश्न असा, की त्या नऊ आकड्यांची रचना आली कुठून?

जाणकार मंडळी अमेरिकेकडे बोट दाखवतात, आणि त्यांचा दावा पोकळ नाही. तिथल्या बँकर्स असोसिएशननं 1910 मध्येच बँकांना क्रमांक दिले होते. तो अमेरिकी क्रमांक आज नऊच आकड्यांचा आहे. आपल्या चेकवरच्या आकड्यांचं चौकोनी वळणही अमेरिकेतच 1950च्या दशकात घडलं. यंत्र त्यांचं, शाई त्यांची, आकडेही नऊच, मग रचना कुणाची असणार, असा त्यांचा सवाल.

मला हे पटत नाही, आणि त्याला कारण एकच पुरेसं आहे. अमेरिकी क्रमांकाचा नववा आकडा हा ताळा असतो. आधीच्या आठ आकड्यांना ठरावीक गुणकांनी गुणून, बेरीज करून तो काढतात. एखादा आकडा चुकला की ताळा जमत नाही आणि क्रमांक तिथल्या तिथं नाकारला जातो. आपल्या नऊ आकड्यांत शहराचे तीन, बँकेचे तीन, शाखेचे तीन. ताळ्याला जागाच ठेवलेली नाही. नक्कल करणारा माणूस बाकी सगळं घेईल आणि नेमकं सुरक्षेचं कलम सोडून देईल, हे काही गळी उतरत नाही. उलट पिनकोडातही ताळा नाही. तिथं चालून गेलं, कारण पत्र चुकीच्या गावी गेलं तरी पाकिटावरचा पत्ता वाचून पोस्टमन ते परत फिरवतो. तीन-तीनचे गट आणि ताळ्याचा अभाव या दोन्ही खुणा पोस्टाच्या घराण्याच्या आहेत. दामले समितीसमोर वेलणकरांची योजना उघडी पडलेली होती, हे मी ठामपणे म्हणतो. कागद मागाल तर माझ्याकडे 411 एवढाच आहे. तो मला पुरतो.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत: मार्च 2004 मध्ये आरटीजीएस आलं, नोव्हेंबर 2005 मध्ये एनईएफटी, आणि दोन्ही आता चोवीस तास चालतात. गंमत पत्त्याची झाली. इलेक्ट्रॉनिक पैशासाठी एमआयसीआर पुरेना. तो क्लिअरिंगच्या सोयीसाठी बांधलेला होता, आणि जिथं क्लिअरिंग हाऊस नाही अशा कित्येक खेड्यांतल्या शाखांना तो मिळालेलाच नव्हता. प्रत्येक शाखेला नाव हवं होतं, म्हणून आयएफएससी आला: चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, मग शाखेची सहा स्थानं.

इथं मात्र वेलणकर संपतात आणि बेल्जियम सुरू होतं. परदेशातून पैसे मागवताना जो स्विफ्ट कोड देतो, तो 1973 मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा. महाराष्ट्र बँकेचा स्विफ्ट कोड एमएएचबी आयएन बीबी. आयएन म्हणजे भारत, बीबी म्हणजे बॉम्बे. बँकेचं मुख्यालय पुण्यात, शिवाजीनगरच्या लोकमंगलमध्ये. पुण्याच्याच कॉसमॉस बँकेच्या कोडातही बीबीच आहे. बॉम्बेची मुंबई झाली, तरी बीबी हलला नाही. आयएफएससीनं यातली पहिली चार अक्षरं उचलली आणि आयएन-बीबी गाळलं. देशातल्या देशात त्याचं काय काम? शाखेसाठी स्विफ्टकडे तीनच जागा असतात. नुसत्या आकड्यांत त्या हजार शाखांत संपतात, आणि एकट्या स्टेट बँकेच्या शाखा वीस हजारांवर आहेत. अकरा जागांतून चार वजा जाता उरलेल्या सातांपैकी सहा शाखेला देऊन सातवी भविष्यासाठी शून्य म्हणून राखली, असा माझा हिशोब आहे. हा राखीव शून्य लोकांना इतका नडतो, त्याला ओ समजून इतक्या चुका होतात, की बडोदा बँक ‘पाचवं अक्षर शून्य आहे’ असं आवर्जून छापते.

क्रमही उलटला. एमआयसीआरमध्ये आधी शहर होतं, इथं आधी बँक, आणि गावाचा तर पत्ताच नाही. विलोमच म्हणायचं! त्यामुळे या कोडात भूगोलाऐवजी बँकांचा इतिहास साचत गेला. अ‍ॅक्सिस बँकेनं 2007 मध्ये यूटीआय बँक हे नाव टाकलं, पण तिच्या आयएफएससीत आजही यूटीआयबी आहे. सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली तेव्हा अक्षरं बदलली आणि जुन्या शाखा क्रमांकात सरळ 10000 मिळवले. सिंडिकेटची 3687 ही शाखा कॅनराची 13687 झाली. 1 जुलै 2021 पासून जुने कोड बंद झाले.

आता सुरक्षिततेचं. आयएफएससी पैशाला बँकेच्या दारापर्यंत नेतो. आत कुणाच्या खात्यात टाकायचं ते खाते क्रमांक ठरवतो. बेनिफिशिअरी अ‍ॅड करताना आपण नाव टाकतो, तेव्हा बँक ते जुळवून पाहील असं वाटतं, पण रिझर्व्ह बँकेनं 2010 मध्येच केवळ खाते क्रमांकावर पैसे जमा करायची मुभा दिली. आणि ताळा इथंही नाही. आधारच्या बाराव्या आकड्यात ताळा आहे, युरोपातल्या खाते क्रमांकांत दोन आकडे त्यासाठीच असतात. आपल्या आयएफएससीत एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाची शाखा खरोखर असली, तर कोड बिनतक्रार खरा ठरतो. पोस्टाला चालून गेलेली ही सवय पैशाला परवडणारी नाही, कारण इथं पाकिटावरचा पत्ता वाचणारा पोस्टमन नाही. म्हणून तर अ‍ॅप खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतं. म्हणून तर भोसरी-चाकणकडचा हिशोबनीस नव्या पार्टीला मोठी रक्कम सोडण्याआधी एक रुपया पाठवतो आणि फोन करून विचारतो, “आला का? नाव काय दिसतंय?”

त्याचा हा प्रश्न रिझर्व्ह बँकेनं अखेर मनावर घेतला. 30 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकात तिनं बँकांना सांगितलं, की आरटीजीएस-एनईएफटी करणाऱ्याला पैसे सोडण्याआधी खातेदाराचं नाव दिसलं पाहिजे, आणि ही सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत द्या. नाव आणण्यासाठी टाकायचे ते खाते क्रमांक आणि आयएफएससीच.