भिंतीवरचा टूकन

आयर्लंडमधील अनेक मद्यगृहांच्या भिंतींवर चोचीवर ग्लास तोलणारा टूकन पक्षी आजही दिसतो. गिनेस या काळ्या बिअरच्या जाहिरातीत तो १९३५ साली आला. चित्रकार होते जॉन गिलरॉय. ते ज्या बेन्सन या जाहिरातसंस्थेत काम करीत, तिथेच डोरोथी सेयर्स १९२२ ते १९३१ या काळात मजकूर लिहीत. त्यांच्या ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ’ (१९३३) या रहस्यकादंबरीतील कचेरी याच अनुभवातून उभी राहिली. (वाङ्मयेतिहासात पोटापाण्याच्या अशा लेखनाला आपण क्वचितच जागा देतो.)

टूकनचे कौतुक करताना त्याच्या पूर्वजाचे मात्र विस्मरण होते. १९२९ साली बेन्सनने सुरू केलेल्या मोहिमेचे घोषवाक्यच मुळी ‘गिनेस तुमच्या प्रकृतीला हितकर’ अशा अर्थाचे होते. आम्हांस टूकन हा त्याच दाव्याचा हसरा मुखवटा वाटतो. १.२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर आरोग्याचा दावा करण्यास युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने मनाई केली. भिंतीवर मात्र तेच वाक्य ‘जुन्या काळची आठवण’ म्हणून नव्याने रंगवले जाते, आणि पर्यटक त्याखाली उभे राहून छायाचित्रे काढतात.