बडोद्याची पेटी: लोक ग्रंथालयात का जातात?

आज ग्रंथालयाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात माझ्या आजीपासून करतो.

आजीचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर गेलं. घरात सगळ्यात जास्त वाचायची ती. आठवड्याला दोन पुस्तकं. कार्डावर दोनच मिळायची म्हणून दोन, नाहीतर तिची तयारी चारांची होती. कार्ड तिच्या नावाचं आणि हमाली माझी. शाळा सुटली की मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचं, आजीनं चिठ्ठीवर लिहून दिलेली नावं शोधायची, पुस्तकं दप्तरात कोंबायची आणि घरी यायचं. त्या वर्षांत ग्रंथालयाच्या दारातून आत जाणाऱ्यांची कुणी मोजदाद केली असती, तर आमच्या घरातला नियमित वाचक म्हणून एका दहा वर्षांच्या मुलाची नोंद झाली असती. खरं तर त्या मुलाचं लक्ष वाटेतल्या भजियाच्या गाडीकडे असायचं. आणि जी खरी वाचक, तिच्या फेऱ्या शून्य. शून्य नाही, एक. त्या एका फेरीबद्दल शेवटी सांगतो.

हे सांगायचं कारण असं, की ‘तुम्ही ग्रंथालयात किती वेळा जाता?’ हा प्रश्न आपण फार सरळ समजतो. जास्त जाणारा तो वाचनप्रेमी, न जाणारा तो आळशी किंवा मोबाइलवेडा. पण हा प्रश्न उलटा करून ग्रंथालयालाच विचारला, म्हणजे ‘तू लोकांपर्यंत किती वेळा जातोस?’ असं विचारलं, तर काय होतं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात एका संस्थानानं हे करून पाहिलं. म्हणून आज बडोद्याची गोष्ट.

आधी थोडं मागे जाऊ. मराठी मुलखात सार्वजनिक ग्रंथालयं तशी लवकर आली. रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्यात १८४८. त्या काळी त्यांना ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणत. पुढे ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. नावांकडे जरा लक्ष द्या. ‘वाचनालय’ म्हणजे बसून वाचण्याची जागा. ‘ग्रंथसंग्रहालय’ म्हणजे ग्रंथ राखण्याची जागा. दोन्ही कामं मोलाचीच. मराठी पुस्तक छापलं की ते कुठेतरी जपलं गेलं पाहिजे, ही ठाणे-मुंबईच्या मंडळींची तळमळ नसती तर आज कितीतरी पुस्तकं आपल्याला नावानंसुद्धा माहीत नसती. पण या बहुतेक संस्था वर्गणीवर चालायच्या. वर्गणी कोण भरणार? वकील, मास्तर, कचेरीतले कारकून, सावकाराघरचा शिकलेला मुलगा. तेच संध्याकाळी येणार, वर्तमानपत्रं चाळणार, चार गप्पा मारणार. शेतावरून आलेल्या माणसाला तो उंबरा आपला वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

आता बडोदा. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, नाव गोपाळ. १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर बसले तेव्हा वय बारा, आणि तोवर शिक्षणाशी ओळख जवळजवळ नाही. मला नेहमी वाटतं की त्यांच्या पुढच्या बऱ्याच निर्णयांच्या मुळाशी हे आहे. ज्याला अक्षरं आयती मिळतात, त्याला ती हातची जाऊ शकतात याची भीती वाटत नाही. ज्याला ती उशिरा मिळाली, त्याला वाटते.

महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केलं आणि १९०६-०७ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखले याच मागणीचं विधेयक घेऊन सरकारशी झगडत होते, तेव्हा बडोद्यात हे प्रत्यक्षात आलेलं होतं. पण लवकरच एक पंचाईत लक्षात आली. मूल चार-पाच वर्षं शाळेत जातं, वाचायला शिकतं, मग शेतावर नाहीतर घरकामाला लागतं. घरात पुस्तक नाही. गावात वर्तमानपत्र येत नाही. वाचण्यासारखं म्हणजे फार तर सरकारी नोटीस किंवा सावकाराचा कागद. काही वर्षांत ते मूल शिकलेलं विसरतं. म्हणजे शाळेवर केलेला खर्च पाण्यात. बडोद्यात ग्रंथालयं निघाली ती या हिशेबातून. साहित्याची आवड वगैरे नंतरची गोष्ट. आलेली अक्षरं जाऊ नयेत, हे पहिलं कारण.

१९०६ च्या अमेरिका दौऱ्यात महाराजांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. हे गृहस्थ तीन वर्षं राहिले आणि तेवढ्यात एक अख्खी व्यवस्था उभी करून गेले. राजवाड्यातला महाराजांचा खासगी संग्रह आणि बंधू संपतराव यांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला. राजाची पुस्तकं प्रजेच्या कपाटात आली, आणि कपाटंही मुक्तद्वार: वाचकानं स्वतः हात घालून पुस्तक काढायचं. बॉर्डननी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत मजकूर असलेलं ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक १९१२ मध्ये निघालं. ग्रंथालयशास्त्रावर त्या काळी मराठीत मजकूर छापला जात होता आणि तोही गुजराती मुलखातून, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. बॉर्डन परत गेल्यावर काम पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. या चळवळीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे एक दुरुस्ती करतो, कारण हे सगळं ऐकून असं वाटतं की अमेरिकेतून साहेब आला आणि ग्रंथालयं उगवली. तसं नाही. चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक बॉर्डनच्या आधीपासून गावोगाव ‘मित्रमंडळ’ वाचनालयं काढत होते. चार मित्रांनी पैसे गोळा करायचे, वर्तमानपत्र मागवायचं, एक खोली मिळवायची. पुढे हेच मोतीभाई संस्थानच्या ग्रंथालय खात्यात आले. गावात आधी भूक होती, खात्यानं तिला ताट दिलं, असं म्हणा हवं तर. खात्याचा नियमही त्याच अंगानं केलेला होता. गावानं जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच संस्थान देणार आणि तेवढीच स्थानिक पंचायत. तिघांचा समान वाटा. फुकट मिळालेलं वाचनालय महिन्याभरात धूळ खातं. स्वतःचा रुपया घातला की माणूस निदान ते उघडं आहे का, हे बघायला तरी जातो.

आणि जिथे तेवढंही जमत नव्हतं, तिथे पेटी जायची.

ही फिरती पेटी म्हणजे या सगळ्यातला माझा जीव. लाकडी, मजबूत, साधारण पंधरा ते तीस पुस्तकं मावतील एवढी. गावातल्या शिक्षकानं किंवा एखाद्या जबाबदार माणसानं मागणी करायची, की पेटी निघाली. वाहतुकीचा खर्च खात्याचा. वाचणाऱ्याला एक पैसा नाही. ठरलेली मुदत संपली की पेटी परत, आणि हवी असेल तर दुसरी. आगगाडीच्या डब्यातून उतरवलेली, बैलगाडीवर चढवलेली, धुळीच्या वाटेनं गावात शिरणारी ती पेटी डोळ्यांसमोर आणा. ‘लोक आमच्याकडे का येत नाहीत?’ अशी तक्रार करत बसण्याऐवजी एका खात्यानं सरळ आपला पत्ताच बदलला होता. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी खात्याची निराळी शाखा होती. ती जादूचा कंदील आणि सिनेमाचं यंत्र घेऊन फिरायची आणि पडद्यावर चित्रं दाखवायची. ग्रंथालय खात्यानं निरक्षरांचाही विचार करावा, हे आजही पचायला जड जाईल.

पण मंडळी, इथे मला थांबावं लागतं. पेटी गावात आली, ती ठेवली कुठे? शाळेत, चावडीत, कुणाच्या तरी ओसरीवर. त्या ओसरीवर गावातल्या कुणाला चढता येत होतं? अंत्यजांसाठी शाळा काढणारं हेच संस्थान. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आणि १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी सरायीत राहावं लागलं, आणि खरी ओळख कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. महाराजांचा हुकूम राजवाड्यातून निघायचा आणि गावाच्या ओसरीपर्यंत पोचेतो त्याचं काय व्हायचं, ते यावरून समजून घ्या. ‘सर्वांना खुले’ अशी पाटी लावणं सोपं असतं. माणूस आत येतो तो पाटी वाचून नव्हे. आत बसलेल्यांनी मान वर करून आपल्याकडे कसं पाहिलं, यावर तो उद्या पुन्हा येणार की नाही हे ठरतं.

बायकांचंही तेच. बडोद्यानं स्त्रियांसाठी वेगळी वाचनाची सोय केली, मुलांसाठी खेळ आणि चित्रांची पुस्तकं असलेला वेगळा विभाग केला. आज ‘वेगळं’ हा शब्द खटकतो. पण वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती वीस पुरुष बसलेले असताना नऊवारीतली एक बाई तिथे जाऊन खुर्ची ओढेल, ही अपेक्षा तेव्हा कुणी करू शकत नव्हतं. आजही काही गावांत करता येईल का, याची मला शंका आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, दिल्लीत युनेस्कोच्या मदतीनं दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली. मोफत, मुक्तद्वार. पुढे पुस्तकांच्या गाड्याही वस्त्यावस्त्यांत फिरू लागल्या. माझ्या मते त्या पेटीच्याच नाती, फक्त चाकं लागलेली. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा.

आणि आज? आज तुम्ही बेळगावात असा, इंदुरात, हैदराबादेत किंवा नागपुरात, जवळच्या मोठ्या ग्रंथालयात सकाळी जाऊन बघा. देवघेव विभागात चार ज्येष्ठ नागरिक. अभ्यासिकेत मात्र पाय ठेवायला जागा नाही. स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली, पाण्याची बाटली, डबा, स्वतःची पुस्तकं. ग्रंथालयाच्या कपाटाला ती हातही लावत नाहीत. ‘ही काय वाचक म्हणायची?’ असं मी बऱ्याच ग्रंथपालांच्या तोंडून ऐकलंय. मला हे पटत नाही. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातली मुलगी पंखा, दिवा आणि शांतता यांसाठी रोज आठ तास तिथे येत असेल, तर वर्षातून दोनदा कादंबरी बदलायला येणाऱ्या माझ्यापेक्षा तिची गरज मोठी आहे. शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याचा मुलगा अक्षरं टिकवायला यायचा, ही नोकरी मिळवायला येते.

माझा स्वतःचाही एक अनुभव सांगतो. नोकरीनिमित्त मी काही वर्षं एका तालुक्याच्या गावी होतो. तिथलं वाचनालय साडेपाचला बंद व्हायचं आणि माझी कचेरी सहाला सुटायची. रविवारी सुट्टी दोघांनाही. तीन वर्षं मी त्या वाचनालयाचा सभासद होतो, वर्गणी वेळेवर भरली, आणि पुस्तकं आणली एकूण सात. त्यांच्या दप्तरात मी नक्कीच ‘अनास्था असलेला सभासद’ असणार.

आता आजीची ती एक फेरी.

बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत पोलादी मांडण्या आहेत आणि मजल्यांना काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. काच धूसर आहे, आरपार काही दिसत नाही. पण आजीला कुणीतरी सांगितलं होतं की वर चालणारा माणूस खालून दिसतो. ‘असल्या ठिकाणी बाईनं जायचं?’ हा तिचा कायमचा सवाल. शिवाय गुडघे, जिना, स्वयंपाक.

एकदा मी एका कादंबरीचा दुसरा भाग लागोपाठ तीन वेळा आणला. पहिला आणायचा होता. तिसऱ्यांदा आजी काही बोलली नाही. लुगडं बदललं, माझा हात धरला आणि चालत निघाली. आत गेल्यावर काचेच्या जमिनीपाशी ती थबकली, चपला काढून हातात घेतल्या आणि मांडणीच्या कडेकडेनं, अगदी नदीच्या काठानं चालावं तशी चालत गेली. पहिला भाग तिनं स्वतः शोधून काढला. मग खाली येऊन एका खुर्चीवर बसली आणि वाचायला लागली. दीड तास. मला भूक लागली होती, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची सोय नव्हती.

परत येताना मांडवीच्या गर्दीत तिनं मला थांबवलं आणि खरोखर रागावून विचारलं, ‘तिथं बसून वाचता येतं, हे इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस रे?’