तंतूंचे बल व आकार-परिणाम
घन पदार्थाचा नमुना जितका बारीक तितके त्याचे दर एकक क्षेत्रफळामागील ताणबल बहुधा अधिक आढळते. यास आकार-परिणाम म्हणतात. त्याचे पायाभूत विवेचन ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यांनी केले. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सु. १ मिमी. व्यासाच्या काचतंतूचे बल सु. ०·१७ गिगॅपास्काल, तर सु. ३·३ मायक्रोमीटर व्यासाच्या तंतूचे सु. ३·४ गिगॅपास्काल, म्हणजे वीसपट भरले. भेगेच्या टोकाशी प्रतिबल एकवटते आणि बारीक तंतूत मोठी भेग मावत नाही, ही त्यांची उपपत्ती होय.

धातूंच्या बाबतीत सी. हेरिंग व जे. के. गॉल्ट यांनी १९५२ साली कथिलाचे केसासारखे सूक्ष्म स्फटिक वाकवून पाहिले. नेहमीच्या कथिलाहून कितीतरी अधिक वाकवूनही ते पूर्ववत सरळ होत.

सुमिओ ईजिमा यांनी जपानमध्ये १९९१ साली कार्बनाच्या नॅनोनलिकांची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट केली. २००० साली अमेरिकेत एम. एफ. यू व सहकाऱ्यांनी अशा १९ बहुस्तरीय नलिका ताणून तोडल्या. प्रत्येकीचा बाह्यतम स्तर आधी तुटला व त्याचे बल ११ ते ६३ गिगॅपास्काल आढळले. ही मोठी तफावत नॅनोनलिकाही पूर्णतः निर्दोष नसतात, हेच दर्शविते.

अनेक नलिका पिळून केलेल्या धाग्यात मात्र हे बल टिकत नाही. नलिकांमधील आकर्षण क्षीण असल्याने त्या एकमेकींवरून घसरतात. बारीकपणाने मिळालेले बल मोठ्या आकारात टिकविणे, हीच या विषयातील मुख्य अडचण आहे.