रोवणीची रोजी आणि कॅलरीचं गणित

नेट-सेटचा अभ्यास करताना आपण सगळे एक हिशोब पाठ करतो. ग्लुकोजचा एक रेणू, ग्लायकोलिसिस, क्रेब्स चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी आणि शेवटी ३० ते ३२ एटीपी. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण अन्नाची ऊर्जा कशी होते या प्रश्नावरून महाराष्ट्रात गरिबी मोजली गेली, शेतमजुराची रोजी ठरली आणि पुण्यातल्या दोन मोठ्या अभ्यासकांत जोरदार वादही झाला. आज त्याबद्दल.

आधी आपल्याकडचं काम घेऊ. आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या धानपट्ट्यात पाऊस लागला की रोवणी सुरू होते. बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात कमरेत वाकून असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी दिवसाला १,६६० किलोकॅलरी लागतात, जड कामासाठी २,७२०. फरक १,०६० चा. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३४५ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे हा फरक झाला रोज सुमारे ३०० ग्रॅम तांदूळ. एवढा जास्त का? कारण खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्केच स्नायू बाहेरच्या कामात आणू शकतात. बाकीची उष्णता होऊन जाते.

श्वसन म्हणजे एक प्रकारचं ज्वलन, हे लाव्हाझिएने १७८० च्या दशकात गिनीपिग बर्फाच्या उष्मामापकात ठेवून दाखवलं. पुढे अमेरिकेत अ‍ॅटवॉटरने माणसांवर प्रयोग केले. कर्बोदकं ४, स्निग्ध पदार्थ ९, प्रथिनं ४ हे आपले आकडे त्याच्याच कामातून आले. एकदा जेवण आकड्यात मांडता आलं की त्याची किंमतही काढता येते. खरी गोष्ट इथून सुरू होते.

१९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवरचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. त्यांची कसोटी होती दरडोई रोज २,२५० कॅलरी. एवढं अन्न ज्या खर्चात येतं, त्याच्या खाली असलेला माणूस गरीब. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० हे आकडे धरले. थोडक्यात, गरिबीची रेषा शरीरशास्त्राच्या आधारावर आखली गेली.

या आधारालाच आव्हान दिलं पां. वा. सुखात्मे यांनी. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत अनेक वर्षं काम करून पुण्यात परतलेले. त्यांचं म्हणणं असं: एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि खर्च रोज कमीजास्त होतो आणि शरीर स्वतःच तो तोल सांभाळतं. मग सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक माणूस उपाशी कसा? त्यांच्या मते सीमा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली असायला हवी. बदलाचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास धरलं तर २,२५० ची सीमा १,६०० च्या आसपास येते. बघा, कुणाच्याही ताटात एक घास न वाढता भुकेल्यांची संख्या झपकन कमी होते!

सुखात्म्यांना गरिबांचं वैरी समजू नका. एका दिवसाच्या पाहणीवरून कुणाला कुपोषित ठरवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही बरोबर आहे. अडचण पुढच्या पायरीवर आहे. कमी खाल्लं की शरीर जुळवून घेतं, हे खरं. पण कसं? वजन घटतं, विश्रांतीच्या वेळचा खर्च थोडा कमी होतो, हालचाल कमी होते, मुलाची वाढ खुंटते. १९८२ मध्ये डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' अशी कल्पना मांडली, तेव्हा पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी याच मुद्द्यावर कडाडून विरोध केला. दांडेकरही सुखात्म्यांशी लेखांतून भांडत राहिले.

मला यातली कळीची गोष्ट अशी वाटते: जिवंत शरीरात ऊर्जेचा जमाखर्च आज ना उद्या जुळतोच. तो जुळला म्हणजे अन्न पुरेसं आहे, हे सिद्ध होत नाही. ४० किलोच्या थकलेल्या बाईचाही जुळतो. विचारायचं ते हे, की तो कोणत्या वजनावर आणि किती कामावर जुळला?

त्याच सुमारास हा प्रश्न रोजीच्या बाजूने विचारला गेला. डॉ. अभय बंग तेव्हा वर्धा जिल्ह्यात काम करत होते. पागे समितीने शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी केलेला हिशोब त्यांनी ओळीओळीने तपासला. त्यात मजुराची कॅलरींची गरजच कमी धरली होती. ४ रुपये रोजीच्या जागी १२ रुपये हवेत, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९८६ मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. बालमृत्यूंवरचं त्यांचं काम आपल्याला माहीत असतं, पण हा आधीचा कागद-पेन्सिलचा अभ्यास फारसा कुणी वाचत नाही. त्यात प्रयोगशाळा नव्हती. दुसऱ्याने वापरलेला आकडा कुठून आला, एवढंच विचारलं होतं.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांना मी हेच सांगेन. सरासरी दिसली की ती कुणाची, किती दिवसांची आणि कोणत्या कामासाठीची, हे आधी वहीत लिहा. आणि या पावसाळ्यात गावी गेलात तर रोवणीची रोजी विचारा. मग त्या पैशात घरातल्या प्रत्येकाचं पोट भरून वर त्या बाईचे ३०० ग्रॅम तांदूळ बसतात का, ते स्वतः मांडून बघा.