दुरुस्तीचे बिल फुगले, काम मात्र झाले नाही: ग्राहकाने काय करावे?

स्कूटर गॅरेजला दिली. मिस्त्री म्हणाला, दीड-दोन हजारांत होऊन जाईल. संध्याकाळी हातात बिल आले 4,600 रुपयांचे, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनचा तोच आवाज पुन्हा सुरू! फ्रिज, मोबाइल, शिलाई मशीन, रिक्षा, सगळीकडे हाच किस्सा. मग काही जण दुकानासमोर भांडतात, काही जण "जाऊ द्या भाई" म्हणून गप्प बसतात. दोन्हीत पैसा जातो तो आपलाच. म्हणून काय करता येते, ते आम्ही इथे क्रमाने देत आहोत.

काम देतानाच

अंदाजे खर्च कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. "यापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन करा" हे वाक्य त्यातच टाका. बदललेला जुना पार्ट परत मागा. बिलात पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी हवी. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर असलाच पाहिजे. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला हा कर घेता येत नाही. बिल किंवा पावती न देणे हीच ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते.

वाद झाला तर

लगेच दुसऱ्या मिस्त्रीकडे वस्तू खोलायला देऊ नका, नाहीतर पहिला म्हणेल, "त्यानेच बिघडवली." आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, दुकानदाराला लेखी कळवा आणि काम सुधारून द्यायची संधी द्या. त्याने नकार दिला, तर दुसऱ्या जाणकार मिस्त्रीकडून काय बिघाड आहे ते लिहून घ्या. पुढे हाच कागद कामाला येतो.

इन्साफ दोन्ही बाजूंनी हवा. जादा कामाला आपण फोनवर होकार दिला असेल आणि ते काम नीट झाले असेल, तर त्याचे पैसे द्यायलाच हवेत. वाद फक्त न सांगता केलेल्या किंवा नीट न झालेल्या कामाचा ठेवा.

दुकानदार वस्तू अडवून ठेवू शकतो का?

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 प्रमाणे, ठरल्याप्रमाणे काम केलेल्या कारागिराला मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. म्हणून जबरदस्तीने वस्तू उचलून आणू नका. रिक्षा अडली की घरची चूल अडते. अशा वेळी पैसे भरून वस्तू सोडवा, पण बिलावर "रक्कम मान्य नाही, हक्क राखून पैसे दिले" असे लिहून सही करा आणि त्याचा फोटो दुकानदाराला पाठवा. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा राहतो.

लेखी तक्रार अशी लिहा

"अमुक तारखेला मी माझी स्कूटर आपल्याकडे दुरुस्तीला दिली. आपण 1,800 रुपये खर्च सांगितला होता. मला न विचारता 4,600 रुपयांचे बिल लावले. मूळ बिघाड तसाच आहे. 15 दिवसांत काम विनामूल्य नीट करून द्यावे किंवा जादा घेतलेले 2,800 रुपये परत करावेत. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

हे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवा, एक प्रत जवळ ठेवा. शिवी नको, धमकी नको.

तरीही ऐकले नाही तर

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, पण दुकानदाराशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते.

दुसरी पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 मुळे काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत:

- आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दुकान परगावी असले तरी चालते.
- वकील लावणे बंधनकारक नाही.
- दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही.
- तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.
- तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

आयोग उणीव दूर करायला, पैसे परत करायला, भरपाई आणि खर्च द्यायला सांगू शकतो. समझोत्याची शक्यता दिसली तर दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवता येते.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो: "रिक्षा तर धंद्याची आहे, आपण ग्राहक कसे?" स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूची मानत नाही. म्हणजे स्वतः रिक्षा चालवणारे भाई आणि घरी शिलाई करणाऱ्या आपा हेही ग्राहकच आहेत.

निकाल यायला वेळ लागू शकतो, हे खरे. त्यामुळे रक्कम लहान असेल तर पत्र आणि हेल्पलाइन यांवरच प्रकरण मिटवणे बरे. पण पत्राला वजन येते ते कागदांमुळे. म्हणून बिल, मेसेज, फोटो आणि पोचपावती एका फाइलमध्ये लावून ठेवा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना हे काम सांगा, त्यांनाही व्यवहार कळेल.