जीपीएस बंद पडलं तर विमान रस्ता चुकतं का?

एप्रिल २०२४. फिनएअरची विमानं लागोपाठ दोन दिवस हेलसिंकीहून एस्टोनियातल्या तार्तू शहराकडे निघाली आणि तिथे न उतरताच परत आली. कारण होतं जीपीएस. तार्तूला उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती आणि त्या भागात सिग्नलमध्ये अडथळे येत होते. शेवटी कंपनीने मे महिनाभर ही सेवाच बंद ठेवली.

मोबाईलचं जीपीएस गंडलं तर आपण टपरीवर पत्ता विचारतो. पायलट कुणाला विचारणार?

सिग्नल एवढा नाजूक का?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. एवढ्या लांबून आलेला सिग्नल फारच क्षीण असतो. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले तरच जागा आणि उंची काढता येते. त्यात वातावरणाच्या वरच्या थरातला आयनोस्फिअर हे सिग्नल बिघडवतो आणि भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशांना हा त्रास जास्त होतो. अशा चुका दुरुस्त करण्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 'गगन' ही प्रणाली उभी केली आहे.

पण मुद्दाम केलेल्या खोडीवर 'गगन' हा उपाय नाही.

जॅमिंग आणि स्पूफिंग

जॅमिंग म्हणजे गोंगाट करून सिग्नल दाबून टाकणं. यात निदान जीपीएस गेल्याचं पायलटला कळतं.

स्पूफिंग जास्त घातक. यात खोटा सिग्नल पाठवला जातो आणि विमान आहे एकीकडे, स्क्रीनवर दिसतं भलतीकडे. विमानातलं घड्याळ चुकू शकतं. समोर डोंगर नसताना 'वर घ्या' असा इशारा वाजू शकतो. असे खोटे इशारे वारंवार वाजले तर खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होण्याची भीती असते.

मग विमान उडतं कशाच्या भरवशावर?

मोठ्या प्रवासी विमानात इनर्शियल प्रणाली असते. विमान किती वेगाने कुठे वळलं याची नोंद ठेवून ती बाहेरच्या सिग्नलशिवाय जागा सांगते. पण तासागणिक तिची थोडी थोडी चूक साचत जाते. ती सुधारायला जमिनीवरची रेडिओ केंद्रं लागतात. व्हीओआर दिशा सांगतं, डीएमई अंतर सांगतं आणि आयएलएस विमानाला धावपट्टीपर्यंत आणून सोडतं. शिवाय प्रवासात उंची प्रामुख्याने हवेच्या दाबावरून मोजतात, जीपीएसवरून नाही.

म्हणजे जीपीएस गेलं म्हणून विमान लगेच संकटात येत नाही. खरी अडचण होते ती जीपीएसला पर्यायच नसलेल्या ठिकाणी. तार्तूत नेमकं हेच झालं होतं. जमिनीवरच्या केंद्रांच्या मदतीने उतरण्याची पद्धत तयार झाल्यावर जून २०२४ मध्ये तिथली सेवा पुन्हा सुरू झाली.

भारतात काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ स्पूफिंगच्या तक्रारी आल्या. १ डिसेंबरला सरकारने संसदेत सांगितलं की, जीपीएसच्या आधारे १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणाऱ्या काही विमानांना याचा फटका बसला आणि त्यांच्यासाठी पर्यायी कार्यपद्धती वापरावी लागली. जिथे पारंपरिक यंत्रणा चालू होती, त्या धावपट्ट्यांवरच्या वाहतुकीवर मात्र परिणाम झाला नाही. जमिनीवरच्या यंत्रणांचं किमान जाळं देशाने राखून ठेवलंय, हेही सरकारने सांगितलं.

या जुन्या यंत्रणांच्या देखभालीला खर्च येतो. उपग्रह असताना त्या हव्यात कशाला, असं कुणालाही वाटेल. पण जीपीएस खोटं बोलतंय हे ओळखायचं तर खरं सांगणारं दुसरं कुणीतरी लागतंच.